औषधाच्या पेटंटला पूर्व-हरकत: कोण घेऊ शकतं, कागद कोणते लागतात आणि अर्ज कुठे अडतो

‘औषध परवडत नाही, म्हणून पेटंट देऊ नये’ एवढंच लिहिलेली हरकत पेटंट कार्यालयात टिकत नाही, मग त्यातला शब्द न् शब्द खरा असला तरी. रुग्णांच्या संघटना आणि रुग्णांचे नातेवाईक तळमळीने पानंच्या पानं लिहितात आणि पहिल्याच चाळणीत बाहेर पडतात. मार्च २०२४ पासून तर ही चाळणी आणखी बारीक झाली आहे.

पेटंट मंजूर होण्याआधीच घेतलेली हरकत म्हणजे पूर्व-हरकत. मुळात हा अधिकार आला कुठून ते आधी पाहू. १९७०च्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर नाही. म्हणूनच आपल्याकडे एकच औषध अनेक कंपन्या बनवू शकल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधावरही पेटंट देणं बंधनकारक झालं. ते देताना संसदेने दोन गोष्टी हातात ठेवल्या. पहिली कलम ३(डी): माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप जास्त गुणकारी नसेल तर त्यावर पेटंट नाही. दुसरी कलम २५(१): पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं.

‘कोणीही’ याचा अर्थ खरोखरच कोणीही. रुग्ण, संस्था, विद्यार्थी, सगळे. ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट मागणारी नोव्हार्टिस कंपनी हरली. गुणकारी म्हणजे रोग्यावर उपचार म्हणून गुणकारी, हा अर्थ त्याच निकालाने पक्का केला. बेडाक्विलिन या क्षयावरच्या गोळीच्या क्षाररूपावर पेटंट मागितलं गेलं, तेव्हा मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, आणि जुन्या उपचारांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये तो पेटंट-अर्ज फेटाळला गेला. मंजूर झाला असता तर कंपनीची मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत चालली असती.

आता अर्जाकडे वळू. खरी दमछाक होते ती पेटंटचा अर्ज शोधण्यात. त्यावर औषधाचं नाव नसतंच, ‘नवीन संयुगे व त्यांचे उपयोग’ अशा थाटाचं मोघम शीर्षक असतं. औषधाचं सर्वमान्य नाव अर्जात देण्याची सक्ती कंपन्यांवर व्हावी, ही कार्यकर्त्यांची जुनी मागणी आजही तशीच पडून आहे. तोवर उपाय एकच. त्याच औषधाचे परदेशी पेटंट-क्रमांक मिळवायचे, त्यावरून आंतरराष्ट्रीय अर्जाचा क्रमांक काढायचा आणि तो पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोध-सुविधेत टाकायचा. नवे अर्ज दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये छापले जातात.

हरकत दाखल कुठे करायची, यातही गोंधळ होतो. तुम्ही नाशिकचे असाल म्हणून मुंबई कार्यालय, असं नाही. पेटंटचा अर्ज ज्या कार्यालयात आहे तिथेच हरकत जाते, आणि परदेशी कंपन्यांचे बरेच अर्ज दिल्लीत किंवा चेन्नईत असतात.

मुदतीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ‘सहा महिने उलटले, आता काही होत नाही’ म्हणून लोक हात टेकतात. नियम उलटा आहे! अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, एवढंच तो सांगतो. हरकत पेटंट मंजूर होईपर्यंत कधीही घेता येते. मात्र सहा महिन्यांनंतर मंजुरी कोणत्याही दिवशी पडू शकते आणि कोणी तुम्हाला फोन करून कळवणार नाही. कागद तयार असतील तर थांबू नका.

कागद असे: फॉर्म ७ए, हरकतीचं निवेदन, पुरावे, पुराव्यांबाबतचं प्रतिज्ञापत्र आणि पेटंट एजंट नेमला असेल तर त्याचं अधिकारपत्र. संच अर्जदार कंपनीलाही पाठवायचा असतो. सुनावणी हवी असेल तर तसं फॉर्ममध्येच मागा. ही एक ओळ राहून गेल्याने बोलण्याची संधी हुकते. पूर्वी हरकत विनाशुल्क होती, आता शुल्क आहे. व्यक्तीला ते मोठ्या कंपनीपेक्षा कमी पडतं, पण कागदावर दाखल केल्यास ऑनलाइनपेक्षा १० टक्के जास्त.

सगळं अडतं ते पुराव्यावर. कलम २५(१) मध्ये ‘के’पर्यंत अकरा कारणं दिली आहेत आणि किंमत त्यांत नाही. रुग्णांच्या कामाची कारणं साधारण तीन: हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे, जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, किंवा कलम ३ मध्ये, म्हणजे पेटंट न देण्याच्या गोष्टींच्या यादीत, बसतं. आधीच प्रसिद्ध म्हणजे कंपनीच्या अग्रक्रम-तारखेच्या, म्हणजे त्या शोधासाठी तिने पहिला अर्ज केला त्या तारखेच्या, आधी. तुम्ही आज काढलेल्या वेबपानाच्या छापील प्रतीवर आजची तारीख असते, ती कुचकामी. शोधनिबंधाचा अंक, वर्ष, महिना दिसला पाहिजे. ‘हे जुनंच औषध आहे’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा तारीख असलेलं एक पान जोडा आणि कंपनीचा कोणता दावा त्या पानातल्या कोणत्या परिच्छेदाशी जुळतो ते क्रमांक देऊन दाखवा.

हे इतकं काटेकोर का करावं लागतं? १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन यांच्याशी व्यापार करार केला. वरकरणी निराधार दिसणाऱ्या हरकती झटपट निकाली काढाव्यात, असं त्यात आहे. पाचच दिवसांनी पेटंट नियम बदलले. आता हरकतीत प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे अधिकारी आधी पाहतो, आणि नसेल तर तसं कळवतो. त्यानंतर तुम्ही सुनावणी मागितली नाहीत तर महिन्याभरात विषय संपतो. असं पत्र आलं तर घाबरू नका, पण त्याच आठवड्यात सुनावणी मागा. कागद शोधायला कंपनीकडे वकिलांची फौज आहे. आजारपणातून उठलेल्या माणसाला मात्र शुल्क भरून तथ्य आधी सिद्ध करायला लावणं अन्यायाचं आहे, आणि ते तसं म्हटलंच पाहिजे.

किंमत हाच तुमचा मुद्दा असेल तर रस्ता वेगळा आहे: कलम ८४, सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते औषध बनवण्याची परवानगी. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर, औषध रास्त दरात मिळत नाही या कारणाने तो मागता येतो. मार्च २०१२ मध्ये मुंबईहून असा पहिला परवाना नॅटको कंपनीला मिळाला आणि नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात मात्र कंपनीने स्वेच्छेने दिलेले परवाने हाच श्रेयस्कर मार्ग म्हटला आहे. कलम ८४ कायद्यात अजून जसंच्या तसं आहे.

शेवटचं. पूर्व-हरकत फेटाळून पेटंट मंजूर झालं तर हरकतदाराला कायद्यात थेट अपील नाही. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात कलम २५(२) खाली पुन्हा हरकत घेता येते, पण तिथे ‘कोणीही’ चालत नाही, हितसंबंध दाखवावा लागतो. म्हणून रुग्णाने उपचाराची कागदपत्रं आणि संस्थेने आपल्या कामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून त्याच फाइलला लावून ठेवाव्यात.