वारा पडला, तरी डोंगर भिजलेलाच असतो

ऑक्टोबर १९९८मध्ये कॅरिबियन समुद्रावर असताना मिच हे चक्रीवादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत होतं. होंडुरासच्या किनाऱ्यावर येईपर्यंत त्याच्या वाऱ्याचा जोर पार ओसरला. पाऊस मात्र दिवसचे दिवस हटला नाही. ३० तारखेला शेजारच्या निकाराग्वात कासिता या ज्वालामुखीच्या उतारावरचा एक तुकडा सुटला. उद्रेक वगैरे काही झाला नव्हता, डोंगर नुसता भिजला होता. खाली येताना तो तुकडा वाटेतली ओली माती, दगड, झाडं पोटात घेत कितीतरी पटींनी फुगला आणि पायथ्याची दोन गावं चिखलाखाली गेली. दोन हजारांहून अधिक माणसं मेली. वादळाचं केंद्र त्या डोंगरावरून गेलंही नव्हतं.

वादळांना आपण जी श्रेणी देतो ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. पावसाचा तिच्यात हिशेबच नाही. वादळ किती पाऊस पाडणार हे ठरतं ते त्याच्या चालीवर, समुद्रातून मिळणाऱ्या बाष्पावर आणि वाटेत आडव्या येणाऱ्या डोंगरांवर. २००९ सालचं मोराकोट वाऱ्याच्या मापाने साधारणच होतं, पण ते तैवानवर रेंगाळलं. ओली हवा डोंगराला अडून वर चढत राहिली, थंड होत राहिली, कोसळत राहिली. आलिशानच्या डोंगराळ भागात काही दिवसांत अडीच मीटरहून जास्त पाऊस झाला. ९ ऑगस्टच्या सकाळी शियाओलिन गावावर डोंगराची बाजू उतरली. त्याच दरडीने नदी अडवली, मागे पाणी तुंबलं आणि तो मातीचा बांध फुटून उरलंसुरलं गाव वाहून गेलं. चारशेहून अधिक बळी गेले.

पाण्याच्या वजनाने डोंगर खाली येतो, असं पुष्कळांना वाटतं. वजन वाढतं हे खरंच: एक चौरस मीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० किलो पाणी. पण खरा घात आत होतो. उतारावरची माती टिकून असते ती कणाने कणाला घट्ट दाबून धरल्यामुळे, त्यांच्यातल्या घर्षणामुळे. थोडी ओल या पकडीला मदतच करते, म्हणून तर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो. पाऊस लांबला की मात्र कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरतात आणि ते पाणी स्वतःच कणांना एकमेकांपासून ढकलू लागतं. दाब वाढेल तशी पकड सैल होते. उतार तोच, माती तीच, पण धरून ठेवणारं बळ गेलेलं असतं. कार्ल तेर्झागी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा छिद्रदाबाचा, म्हणजे कणांमधल्या फटींत भरलेल्या पाण्याच्या दाबाचा, हिशेब मांडला आणि आजचं दरडींचं सारं शास्त्र त्यावर उभं आहे.

सगळ्या दरडी एका वेळी पडत नाहीत, त्याचं कारणही यातच आहे. कातळावरचा एक-दोन मीटरचा मातीचा थर काही तासांच्या मुसळधार पावसाने भरून सुटू शकतो. अशा थराला झाडांची मुळं बरीच धरून ठेवतात, म्हणून जंगल तोडलेला किंवा रस्त्यासाठी पायथ्याशी कापलेला उतार आधी जातो. खोलवरची दरड वेगळी. पाणी दहापट खाली झिरपायला वेळ लागतो, आणि तिथे मुळं पोचतच नाहीत.

किती पाऊस झाला की दरड पडते? नेल केन या संशोधकाने १९८०मध्ये जगभरच्या ७३ घटना एकत्र ठेवून एक सीमारेषा काढली. तासभरच पाऊस असेल तर तासाला साधारण १५ मिलिमीटर, आणि चोवीस तास पडत राहिला तर तासाला सव्वाचार मिलिमीटरही पुरे, म्हणजे दिवसभरात शंभराच्या आसपास. मला या आकड्यांत जास्त बोलका वाटतो तो त्यांचा उतरता क्रम: पाऊस लांबला की संथ सरही धोक्याची होते. ही रेषा ढोबळ आहे, प्रत्येक डोंगराची माती वेगळी. शिवाय आधीची ओल मोजल्याशिवाय ती अपुरीच. सप्टेंबर २०२४मध्ये हेलेन वादळ अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगररांगांत पोचण्याआधीच तिथे मोठा पाऊस होऊन गेला होता. भरलेल्या जमिनीवर वादळाचं पाणी आलं आणि दोन हजारांवर दरडी कोसळल्या. जपानचं हवामान खातं म्हणूनच नुसता पाऊस मोजत नाही. एकावर एक ठेवलेल्या, भोकं असलेल्या टाक्यांसारखी जमीन कल्पून तिच्यात या घडीला किती पाणी उरलं असेल याचा निर्देशांक काढतं आणि त्यावरून इशारे देतं.

हे मृत्यू टाळता येतात. हाँगकाँगमध्ये जून १९७२च्या पावसात दोन ठिकाणच्या दरडींनी मिळून १३८ जीव घेतले. १९७६मध्ये एका वादळाच्या पावसात पुन्हा भरावाचा उतार ढासळून १८ जण गेले. त्यानंतर १९७७मध्ये उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय निघालं. उतारांची नोंद झाली, पाणी बाहेर काढायला आडव्या नळ्या बसल्या, सैल भराव पक्के झाले, पावसाच्या आकड्यांवर इशारे सुरू झाले. शहर वाढत राहिलं, बळी मात्र खूप घटले. खर्चिक काम आहे, पण अनेक गरीब डोंगराळ देशांना निदान पर्जन्यमापकांचं दाट जाळं आणि वेळेवरचा इशारा परवडायलाच हवा. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे वादळांचा पाऊस वाढतच जाणार आहे.

सर्वांत अवघड असतं ते पाऊस थांबल्यावर घरापासून दूर राहणं. फिलिपिन्समधल्या गिन्साउगोन गावावर १७ फेब्रुवारी २००६ला डोंगर कोसळला. तिथे वादळ आलं नव्हतं, नुसता अनेक दिवसांचा संततधार पाऊस, आणि तोही ओसरला होता. हजाराहून अधिक माणसं गेली, भरलेली शाळाही गाडली गेली. ऊन पडलं तरी खोलवरचं पाणी अजून उतरत असतं. तेव्हा उतारावरच्या नव्या भेगा, अचानक कललेली झाडं, भिंतीतून फुटलेले झरे आणि अडकू लागलेली दारं बघायची. आणि वर पाऊस चालू असूनही खालच्या ओढ्याचं पाणी एकाएकी आटलं, तर वर कुठेतरी दरडीने ते अडवलेलं असू शकतं. अशा वेळी ओढ्याकाठी क्षणभरही थांबायचं नाही. बाजूच्या उंच, पक्क्या जमिनीवर जायचं.