इंग्रजी वाक्प्रचारांचे स्पॅनिश भाषांतर

बोलीतले इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिश माणसाच्या तोंडी सहज शोभतील असे स्पॅनिशमध्ये आणणे, ही भाषांतरविद्येतली नेहमीची कसोटी. झां-पॉल विने व झां दार्बेल्ने यांनी १९५८ साली फ्रेंच-इंग्रजीच्या तौलनिक अभ्यासात भाषांतराच्या सात रीती मांडल्या. त्यांतली ‘समतुल्यता’, म्हणजे प्रसंग तोच ठेवून शब्द निराळे वापरणे, वाक्प्रचारांसाठी सर्वांत कामी येते.

इंग्रजीत मुसळधार पावसाबरोबर कुत्री-मांजरे पडतात. स्पॅनिशमध्ये पाऊस घागरींनी ओततो (योबेर आ कांतारोस). महागड्या वस्तूपायी इंग्रजाचा एक हात नि एक पाय जातो, स्पॅनिश माणसाचा डोळा. थट्टा करताना इंग्रज समोरच्याचा पाय ओढतो, तर स्पॅनिशमध्ये केसांना हात घालतात (तोमार एल पेलो). मराठीतले ‘पाय ओढणे’ या दोन्हींहून वेगळे आणि बरेच कडू. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत निळा चंद्र उगवावा लागतो. स्पॅनिशमध्ये ती ‘दे पास्क्वास आ रामोस’, म्हणजे ईस्टरपासून झावळ्यांच्या रविवारापर्यंत, घडते. हा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो. म्हणजे ईस्टर उलटल्यावर त्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबायचे.

जोडी सापडली तरी देश आणि प्रसंग पाहावे लागतात. मरण्यासाठीच्या ‘बादलीला लाथ मारणे’ या इंग्रजी प्रयोगाला ‘एस्तिरार ला पाता’ (तंगडी ताणणे) बहुतेक ठिकाणी चालते. मेक्सिकोत मात्र ‘पेतातेआर्से’ अधिक घरचे; ते ‘पेताते’ या विणलेल्या चटईवरून आले, आणि चटईचे नाव नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. तिन्ही प्रयोग थट्टेचे, शोकसंदेशात चुकूनही नकोत.

अशी चित्रमय उदाहरणे प्रत्यक्षात फारशी फसवत नाहीत, कारण ती पाहताच भाषांतरकार सावध होतो. फसवतात ती फिकी, रंगहीन वाक्ये. ‘अॅट द एंड ऑफ द डे’चे (अर्थ: सरतेशेवटी) शब्दशः ‘आल फिनाल देल दिया’ केले की वाचकाला खरोखरची संध्याकाळ दिसते. हवे असते ते ‘आ फिन दे क्वेंतास’, म्हणजे हिशेबाच्या शेवटी. मजेत वेळ घालवणे स्पेनमध्ये ‘पासार्लो ब्येन’, तर लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘पासार्ला ब्येन’. एका स्वराने बोलणारा कुठला ते कळते. माद्रिदची फुंदेऊ ही २००५ साली सुरू झालेली संस्था वृत्तमाध्यमांना इंग्रजी वळणाच्या अशा रचनांबद्दल सल्ला देते.

अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांत परत फोन करण्यासाठी ‘यामार पारा आत्रास’ (मागे बोलावणे) सर्रास ऐकू येते. इंग्रजी ‘कॉल बॅक’ची नक्कल म्हणून शुद्धिवादी त्यावर नाक मुरडतात. पण न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन पात्राच्या संवादात ते पुसून प्रमाण ‘देवोल्वेर ला यामादा’ घातले, तर व्याकरण सुधारते आणि पात्राची बोली हरवते.