चिपवरच्या पात्या आल्या कुठून?

संगणकाचं कॅबिनेट उघडलं की मदरबोर्डवर पात्यापात्यांचा एक धातूचा ठोकळा दिसतो. चिपची उष्णता हवेत सोडणारा हाच हीट सिंक. त्यामागचं गणित संगणकापेक्षा जुनं आहे. 1922 साली अमेरिकेत हार्पर आणि ब्राउन यांनी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांच्या फिन्समधून, म्हणजे पात्यांमधून, उष्णता कशी वाहते, याची समीकरणं मांडली. मोटरसायकलच्या सिलिंडरवर दिसतात त्याच या फिन्स.

त्या गणितातली खरी गोम अशी की पाती वाढवत नेल्याने गारवा तेवढा वाढत नाही. टोकापर्यंत उष्णता पोचेपर्यंत पाती जवळजवळ हवेइतकी थंड झालेली असते, मग तिथला धातू नुसता वजनाला. पात्या फार दाट बसवल्या तर मधली हवा अडते. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या पावणेदोन पट उष्णता वाहून नेतं, पण वजनाला तिपटीहून जड. हीट सिंक बनवणारा आजही याच ओढाताणीत असतो.

घरगुती संगणकाला बरीच वर्षं याची गरज पडली नाही. इंटेलची 386 चिप उघडीच चाले. 1993च्या पहिल्या पेंटियमला सुमारे 15 वॅट लागत, तिच्यावर हीट सिंक आणि पंखा आला. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे सूक्ष्म स्विच, लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढत नाही. पुढे व्होल्टेज उतरेना आणि ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा वीजप्रवाह वाढला. 2004च्या पेंटियम 4मध्ये जेमतेम 112 चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनमधून 115 वॅटपर्यंत उष्णता बाहेर काढावी लागे. घरच्या इस्त्रीच्या तळापेक्षा ही दाटी कितीतरी पट जास्त. त्याच वर्षी इंटेलने 4 गिगाहर्ट्झ वेगाच्या चिपचा बेत सोडला.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते 1981 सालचं, स्टॅनफर्डमधल्या टकरमन आणि पीझ यांचं काम. त्यांनी सिलिकॉनच्या पाठीवरच सुमारे 50 मायक्रोमीटर रुंद, 300 मायक्रोमीटर खोल चर कोरले आणि त्यांतून पाणी सोडलं. संथ, सरळ वाहणाऱ्या पाण्यात चर जितका अरुंद, तितकी उष्णता भिंतीतून पाण्यात लवकर उतरते. दर चौरस सेंटिमीटरमागे 790 वॅट उष्णता त्यांनी बाहेर काढली, आणि सिलिकॉनचं तापमान आत येणाऱ्या पाण्यापेक्षा 71 अंशांनीच वर गेलं. अरुंद चरांतून पाणी ढकलायला जोर मात्र खूप लागतो, आणि चर तुंबण्याची भीतीही असते. शिवाय त्या वेळच्या चिपना एवढ्याची गरजच नव्हती, हवेवर भागत होतं.

आता एन्व्हिडियाच्या एच100सारख्या एआयसाठीच्या चिपला 700 वॅटपर्यंत वीज लागते. डेटा सेंटरमध्ये अशा चिपवर कोल्ड प्लेट, म्हणजे आतून पाणी खेळवलेली धातूची पट्टी, बसवतात, ती उघडली तर आत तांब्याच्या केसासारख्या बारीक पात्या आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा दिसतात.