पार्श्वभूमी : मतं फाटली की मैत्रीही तुटावी का?

राजकीय किंवा नैतिक मतं टोकाला गेली की मैत्री ठेवावी का, हा प्रश्न आजच्या तापलेल्या वातावरणातून निघाल्यासारखा वाटतो. तो खूप जुना आहे. त्याची दोन परस्परविरोधी उत्तरं एकाच वर्षी लिहिली गेली.

इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला रोममध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. मारणाऱ्यांच्या लेखी तो हुकूमशहाचा वध होता. सीझरचा मित्र गायस मॅशियस मात्र उघडपणे शोक करत राहिला, सीझरच्या गौरवार्थ झालेल्या खेळांच्या व्यवस्थेतही त्याने भाग घेतला. त्यावरून टीका झाली, तेव्हा त्याने रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोला पत्र लिहिलं. ते आजही उपलब्ध आहे. यादवी युद्धात सीझरची भूमिका मला पटली नव्हती, पण पटली नाही म्हणून मी मित्राला सोडलं नाही, असं तो सांगतो. मैत्रीपेक्षा देश मोठा म्हणणाऱ्यांना तो विचारतो की सीझरच्या मरणाने देशाचं भलं झालं, हे तुम्ही आधी सिद्ध केलंत का? आणि कोणासाठी रडायचं एवढं स्वातंत्र्य तर गुलामांनाही असतं.

त्याच वर्षी सिसेरोने मैत्रीवर ग्रंथ लिहिला. त्यात टायबेरियस ग्रॅकस या आधीच्या काळातल्या रोमन लोकनेत्याच्या ब्लॉसियस नावाच्या मित्राची गोष्ट येते. ग्रॅकसने कॅपिटॉलला, म्हणजे रोमच्या मुख्य देवस्थानाला, आग लावायला सांगितलं असतं तर तेही केलं असतं, असं हा ब्लॉसियस म्हणाला होता. सिसेरोचा निवाडा कडक आहे : मित्रासाठी केलं म्हणून दुष्कृत्य माफ होत नाही. मॅशियस दुःखाचा हक्क मागत होता, ब्लॉसियस दुष्कृत्यात साथ द्यायला तयार होता. या दोहोंत फरक आहे, आणि पुढच्या सगळ्या वादांत तो पुसट होत गेला.

सभ्यतेचा, म्हणजे मैत्री नसली तरी पाळायच्या किमान वागणुकीचा प्रश्न युरोपात ख्रिस्ती पंथांच्या आपसातल्या युद्धांनी उभा केला, आणि तो अमेरिकेतल्या वसाहतींतही पोचला. त्यातली एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीचे संस्थापक रॉजर विल्यम्स यांना क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शिकवण साफ चुकीची वाटे. १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, ते दिवसभर होडी वल्हवत न्यूपोर्टला गेले, ते या पंथाच्या लोकांशी जाहीर वाद घालायला. वादात त्यांची भाषा मुळीच गोड नव्हती. पण शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने क्वेकरांना फासावर चढवलं असताना विल्यम्स यांच्या वसाहतीने त्यांना राहू दिलं. सभ्यता म्हणजे गोड बोलणं, अशी समजूत पुढे रूढ झाली. विल्यम्स यांच्याकडे पाहिलं की तिचा गाभा कुठे आहे ते कळतं : दुसऱ्याला हाकलायचं नाही, आणि त्याला चुकीचं म्हणण्यातही कसर ठेवायची नाही.

मैत्री जाहीरपणे मोडल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग ६ मे १७९१ चा. ब्रिटिश संसदेत विषय कॅनडातल्या क्विबेकसंबंधीच्या विधेयकाचा होता, एडमंड बर्क बोलत होते फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध. चार्ल्स जेम्स फॉक्स त्यांच्याच पक्षाचे, वॉरन हेस्टिंग्जवरच्या महाभियोगातले सहकारी, पंचवीसेक वर्षांचे स्नेही आणि क्रांतीचे चाहते. आपली मैत्री काही तुटलेली नाही, असं फॉक्स मध्येच हलक्या आवाजात म्हणाले. बर्क यांनी तिथल्या तिथे सभागृहाला सांगितलं की ती तुटली आहे. फॉक्स उत्तराला उठले, पण रडू आवरेना आणि बराच वेळ शब्द फुटेना. १७९७ मध्ये बर्क अंथरुणाला खिळले असताना फॉक्स यांनी भेटायची इच्छा कळवली. बर्क यांच्या पत्नीने नकार कळवला : ही मैत्री तोडताना त्यांना अतिशय यातना झाल्या, पण आपण प्रामाणिक आहोत अशी लोकांची खात्री असेल तरच आपली तत्त्वं टिकतील, असं ते मानतात. या उत्तराचा मला आदर वाटतो, तरी ते पटत नाही. मरणाऱ्या मित्राला भेटल्याने कोणाचीही तत्त्वं पातळ होत नाहीत.

याउलट उदाहरण म्हणून जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या सुरुवातीच्या दोन राष्ट्राध्यक्षांचं नाव हमखास निघतं. एकमेकांविरुद्ध लढवलेल्या १८०० च्या कडवट निवडणुकीनंतर दोघांचं बोलणं जवळजवळ थांबलं. दोघांचे मित्र बेंजामिन रश यांच्या मध्यस्थीनंतर १ जानेवारी १८१२ रोजी अॅडम्स यांनी पत्र धाडलं आणि पुढच्या चौदा वर्षांत दीडशेहून अधिक पत्रांची देवाणघेवाण झाली. गोष्ट सुंदर आहे, पण अर्धीच सांगितली जाते. जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते, अॅडम्स यांनी एकही ठेवला नाही. तरी या विषयाला पत्रांत जेमतेम जागा मिळाली. १८२१ मध्ये अॅडम्स यांनी गुलामगिरीला देशावर लटकलेल्या काळ्या ढगाची उपमा दिली आणि लगेच हा प्रश्न दक्षिणेतल्या मंडळींवरच सोपवत असल्याचं लिहिलं. मैत्री टिकली, पण तिची किंमत दोघांपैकी कोणीच मोजली नाही. ती ज्यांनी मोजली, त्यांना या पत्रव्यवहारात जागाच नव्हती. माझ्या मते कसोटी इथे आहे. दोन मित्र एकमेकांशी किती गोड वागतात याआधी हे पाहायला हवं की ज्याच्या आयुष्यावर वाद चालला आहे तो माणूस त्या खोलीत आहे का.

आपल्याकडे ही कसोटी टिळक आणि आगरकर यांच्या नात्याला लावून पाहावी. डेक्कन कॉलेजातले हे मित्र. १८८१ मध्ये सुरू झालेल्या केसरीचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे फाटलं ते समाजसुधारणेवरून. डेक्कन एज्युकेशन सोसायटी या त्यांच्या शिक्षणसंस्थेतल्या आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी का, या वादाचाही त्यात वाटा होता, तो सहसा विसरला जातो. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढला, १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पत्रांतली भाषा एकमेकांना बोचकारणारी होती.

ऐन भरात वाद होता संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाचा. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रौढ नवऱ्याच्या संभोगामुळे मेली, त्यानंतर १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत कायदा करू नये, हा टिळकांचा आग्रह. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आणि सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. या वादात आगरकर मित्राखातर थोडे नरमले असते तर स्नेह वाचला असता आणि मुलींच्या बाजूचा एक खणखणीत आवाज गेला असता. आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले, वय अवघं ३८. टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

विसाव्या शतकात वेगळी वाट दिसते : विरोधकाचं म्हणणं आपल्याच हाताने छापणं. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. अस्पृश्यतेच्या विरोधातच असलेल्या रवींद्रनाथ टागोरांना हे अवैज्ञानिक बोलणं सहन झालं नाही. त्यांचा निषेध गांधींनी आपल्या हरिजन पत्रात आपल्या उत्तरासह छापला. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं, मग भाषणातला मजकूर गाळण्याची विनंती केली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं आंबेडकरांनी कळवलं, तेव्हा परिषदच बारगळली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. हरिजनमधून गांधींनी त्यावर टीका केली, आणि भाषण नाकारणं चूक होतं असंही लिहिलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचे ते लेख आणि आपलं जळजळीत उत्तर शेजारी शेजारी छापलं. गोडवा त्यात नव्हता, आणि ज्याच्या अंगावर जातीचे घाव होते त्याच्याकडून तो मागण्याचा अधिकारही कोणाला नव्हता. तरी वाचकापासून समोरच्याचा एकही मुद्दा लपवला गेला नाही.

अमेरिकेत १९६० मध्ये मुलाबाळांनी विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर नाराज होऊ, असं म्हणणारे जेमतेम ५ टक्के होते. २०१० च्या पाहणीत रिपब्लिकनांपैकी ४९ टक्के आणि डेमोक्रॅटांपैकी ३३ टक्के लोकांनी तसं सांगितलं. मधल्या काळात तिथल्या पक्षांची वर्ण, धर्म आणि राहण्याच्या जागेनुसार वाटणी होत गेली होती. विरुद्ध मताचा माणूस मुळात भेटेनासा झाला.

तिथल्याच सर्वोच्च न्यायालयात रूथ बेडर गिन्सबर्ग आणि अँटोनिन स्कॅलिया या विरुद्ध विचारांच्या न्यायमूर्तींची दाट मैत्री होती. १९९६ मध्ये व्हर्जिनियाच्या सरकारी लष्करी महाविद्यालयाने मुलींना प्रवेश नाकारण्याचा खटला आला. बहुमताचा निकाल गिन्सबर्ग लिहीत होत्या, एकटे विरोधात होते स्कॅलिया. आपल्या विरोधी निकालपत्राचा मसुदा त्यांनी मुदतीआधीच गिन्सबर्ग यांच्या हाती दिला, म्हणजे त्यांना उत्तराला वेळ मिळावा. त्या मसुद्याने आपला शनिवार-रविवार खराब केला, पण निकालपत्र अधिक चांगलं झालं, असं गिन्सबर्ग पुढे सांगत. निकाल सातास एक असा लागला, आणि १९९७ मध्ये त्या महाविद्यालयात मुली दाखल झाल्या.