गळतं सील, दुखणं रॉडचं

मृगाच्या पावसाने चिरेखाणींत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणींत, पाणी भरलं की जेसीबी घरी परततात. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत एकच यंत्र पोटाला बांधलेले मालक असतात; त्यांच्यासाठी जून ते सप्टेंबर हा दुरुस्तीचा काळ. अंगणाच्या कडेला उभ्या केलेल्या यंत्रावर पहिली नजर जाते ती तेलाच्या दाबाने आर्म आणि बकेट हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरकडे. चमकदार रॉड जिथे बॅरलमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, शिरतो तिथे तेलाने ओलं झालेलं काळपट कडं, त्यावर चिऱ्याची लाल धूळ चिकटलेली, खाली जमिनीवर डाग. ‘सील गेलं’ म्हणून नव्या सीलांचं किट येतं, अर्ध्या दिवसात बसतं, आणि दसऱ्याला काम सुरू झालं की महिन्याभरात पुन्हा तेच कडं. मग दोष किटला दिला जातो. किट बहुतेक वेळा चांगलं असतं. नवं सील कापणारी वस्तू सिलिंडरमध्येच राहून गेलेली असते.

सीलवर केवढा भार असतो ते आधी पाहू. घरावरच्या टाकीचं पाणी दहा मीटर उंचीवरून आलं तर नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. जेसीबीच्या यंत्रणेतला दाब २५० बारच्या आसपास जातो. तेवढा दाब पाण्याच्या उंचीने मिळवायचा तर टाकी अडीच किलोमीटर उंच हवी. सत्तरीतला सोंसोगड, गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, त्याच्या निम्म्याइतकाही उंच नाही. आतून १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतं. २०० बार दाबाला तो पिस्टन सुमारे १६ टन जोर लावतो. हा सगळा दाब अडवून धरायचा, आणि तरीही रॉडला मोकळेपणाने सरकू द्यायचं, हे काम बोटाएवढ्या जाडीच्या कड्याचं.

हे जमतं कसं? जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढवला की दट्ट्याच्या कडेने पाणी फुटायचं. त्यावर तोडगा निघाला चामड्याच्या वाटीसारख्या कड्याचा, आणि त्याचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. दाबाचं पाणी वाटीच्या पोटात शिरतं आणि तिचे ओठ दोन्हीकडे फाकवतं; दाब जितका जास्त तितकं सील घट्ट. आजचं पॉलियुरेथेनचं यू-सील याच तत्त्वावर चालतं. म्हणून त्याची खाच नेहमी तेलाच्या दाबाकडे हवी. उलटं बसवलं तर दाब ओठांना फाकवण्याऐवजी मिटवतो आणि पहिल्याच झटक्याला तेल बाहेर येतं. बाहेरच्या टोकाच्या वायपरचा ओठ मात्र बाहेर तोंड करून असतो, कारण तेल अडवणं त्याचं काम नाही. धूळ खरवडून काढणं हे आहे.

आता रॉड. त्याच्यावर हार्ड क्रोमचा थर असतो, साधारण दोन ते तीन शतांश मिलिमीटर जाडीचा. आरशासारखा दिसणारा हा थर प्रत्यक्षात अखंड नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांचं जाळं असतं. यंत्र चालू असताना त्या भेगांवर तेलाचा पातळ थर सतत नवा होत राहतो. उभ्या यंत्रावर तो वाळतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि किनाऱ्याकडच्या हवेत मीठ. क्षाराचा ओलावा भेगेतून आत उतरतो, खालचं पोलाद गंजतं, गंज फुगतो आणि क्रोमचा तुकडा आतून उचलून फेकतो. राहतो तो टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, ज्याची कड काचेसारखी धारदार. रॉडच्या प्रत्येक फेरीला ती कड सीलच्या ओठावरून फिरते. खनिज खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या तेव्हा उघड्यावर राहिलेल्या यंत्रांना धोका होता तो हाच. चालून झिजण्यापेक्षा उभं राहून सडणं सिलिंडरला जास्त महागात पडतं.

खोलण्याआधी तेल नक्की कुठून येतं ते ठरवा. सिलिंडर डिझेलने पुसा, कोरडा करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा मिनिटं काम करा. ओली रेघ रॉडभोवती उमटली तर रॉड सील. ग्लँड (बॅरलच्या तोंडाचं झाकण, ज्यातून रॉड बाहेर येतो) आणि बॅरलच्या सांध्यावर उमटली तर ग्लँडचा ओरिंग, म्हणजे रबराचं गोल कडं. होजच्या नटाखाली असेल तर सिलिंडर खोलण्याचं कारणच नाही. रॉडवर बोटाला जेमतेम जाणवेल इतका तेलाचा ओशटपणा हवाच, ती गळती नव्हे. थेंब टपकत असेल तर मात्र हिशोब करा: साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे आठ तासांत जवळपास दीड लिटर तेल.

बाहेर थेंब नाही, पण उचललेला भार हळूहळू खाली येतो, अशी तक्रार असेल तर घाई नको. सगळे पिस्टन सीलवर, म्हणजे आत पिस्टनभोवती असलेल्या सीलवर, संशय घेतात. लोडरसारख्या, रॉडवर दाबून बसणाऱ्या भाराला हे गणित लावून बघा. १०० मिलिमीटरच्या सिलिंडरवर ५ टन आहेत, म्हणजे पिस्टनखाली दर चौरस सेंटिमीटरला ६४ किलो. पिस्टन सील पूर्ण गेलं असं समजा. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईल, पण दोन्ही होज व्हॉल्व्हपाशी बंद असतील तर तेलाला जायला जागा नाही, आणि रॉडला आत यायचं तर त्याने व्यापलेल्या जागेतलं तेल बाहेर जायला हवं. भार आता फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर तोलला जातो. ६० मिलिमीटरच्या रॉडचं क्षेत्रफळ २८.३ चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब १७७ किलोपर्यंत चढतो आणि तेल दबेल तेवढाच रॉड उतरून थांबतो. तो उतरतच राहिला तर तेल कुठून तरी बाहेर पडतं आहे, आणि ती वाट बहुतेक वेळा कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलची, म्हणजे लिव्हरने आत सरकणाऱ्या दांड्याची, असते. भार रॉडला ओढत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फाटलं पिस्टन सील खरंच भार सोडतं.

खात्रीसाठी बकेटच्या सिलिंडरवर एक चाचणी करता येते. आर्म जमिनीवर ठेवून सिलिंडर एका टोकाला पूर्ण न्या, इंजिन बंद करा, दाब उतरवा. ज्या बाजूला दाब येणार नाही तिथला होज काढून त्याच्या तोंडाला स्टीलचा प्लग घट्ट बसवा, सिलिंडरच्या मोकळ्या पोर्टखाली डबा ठेवा. इंजिन सावकाश चालवून लिव्हर त्याच दिशेला धरा, उलट दिशेला चुकूनही नको. सुरुवातीला थोडं तेल येईल. धार थांबली नाही तर पिस्टन सील गेलं.

दाबाच्या तेलापाशी हात न्यायचा नाही, हे सांगून थांबणं पुरेसं नाही. होजला पडलेल्या सुईएवढ्या भोकातून निघालेली धार दिसत नाही आणि कातडी भेदून आत जाते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण तेल बोटाच्या आत पसरत असतं आणि काही तासांत बोट गमवायची पाळी येते. असं झालं तर हळद-मलम लावून वाट पाहू नका. १०८ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा आणि ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ हे शब्द सांगा, म्हणजे शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर होतो. भोक शोधायला पुठ्ठा वापरा.

खोलताना बकेट जमिनीला टेकवा. आर्म वर ठेवावाच लागला तर सेफ्टी स्ट्रट (आधाराचा दांडा) लावल्याशिवाय खाली वाकू नका. इंजिन बंद करून सगळ्या लिव्हर पाच-सहा वेळा दोन्हीकडे हलवा, म्हणजे अडकलेला दाब टाकीत जातो. नट थोडा सैल करून थांबा, फुसफुस संपू द्या, मग काढा. होजची आणि पोर्टची तोंडं लगेच प्लगने बंद करा. सिलिंडर चेन ब्लॉकवर घ्या आणि ग्लँड उघडण्याआधी बाहेरून स्वच्छ धुऊन वाळवा. डोळ्याला ४० मायक्रॉनहून लहान कण दिसत नाही, आणि नुकसान करणारे कण त्याहून बारीक असतात. म्हणून हे काम चिऱ्याच्या अंगणात वाऱ्यावर नको, पडवीत धुतलेल्या ताडपत्रीवर करा.

जाम झालेल्या ग्लँडला गॅसची ज्योत लावू नका. आत तेलाची वाफ असते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि हुक पाना पुरता बसवून लांब दांड्याने ओढा. पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा सोडणं तर सरळ जीवघेणं आहे: दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि रॉड तोफगोळ्यासारखा येतो. दोन्ही पोर्ट उघडे ठेवून रॉड हाताने सरळ ओढला की तो येतो. पिस्टनचा नट सोडवताना रॉड त्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या पिनच्या भोकात, पहार घालून धरा. क्रोमवर पाइप पाना लावलात तर दातांच्या खुणा कायमच्या.

इथे थांबून जुनं सील हातात घ्या आणि नीट पाहा. एकाच जागी उभा चरा असेल तर रॉडवर त्याच रेषेत खड्डा शोधा. मागच्या बाजूची कड कुरतडल्यासारखी असेल तर वेअर रिंग (रॉड किंवा पिस्टनला मधोमध धरणारी पट्टी) झिजून फट वाढली आहे, आणि दाब सीलला त्या फटीत ढकलतो आहे. एकाच बाजूने झीज असेल तर रॉड वाकला आहे किंवा पिन-बुश इतके ढिले झाले आहेत की रॉड तिरका ओढला जातो. बुश न बदलता नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. कडक होऊन मोडत असेल तर तेल फार तापत होतं. सुजून मऊ झालं असेल तर रबर त्या तेलाचं नव्हतं.

रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं की तो खड्डा सीलला कापणार. एखाद्या खड्ड्याची वर आलेली कड बारीक ऑइलस्टोनने तेल लावून घासता येते. खड्डे जिथे सील फिरतं त्या भागात दाटीने असतील तर रॉड हार्ड क्रोमला पाठवा. बॅरलमध्ये टॉर्च मारून तोच नियम लावा: चमकदार रेघा चालतील, नख अडकणारे चरे असतील तर होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं.

नव्या किटमधलं प्रत्येक सील व्हर्नियरने जुन्याशी ताडून पाहा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. जुनं सील काढायला पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा आकडा घ्या, स्क्रू ड्रायव्हरने खाचेत ओरखडा पडतो आणि तेल त्याच वाटेने जातं. यू-सील खाचेत घालताना हायड्रॉलिक तेल लावून बोटांनी काजूगराच्या आकारात दुमडा, खाचेत टेकवा आणि सोडा. ते आपसूक उलगडून बसतं. पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग थंड असताना ताणली तर तशीच ढिली राहते. ती गरम पाण्यात किंवा तेलात मऊ करून चढवा आणि पिस्टन रिंग कॉम्प्रेसरने (पट्ट्यासारखं आवळणाऱ्या हत्याराने) आवळून थंड होऊ द्या. ओरिंगसोबतची बॅकअप रिंग (तिला मागून आधार देणारं कडक कडं) दाबाच्या विरुद्ध बाजूला जाते. वेअर रिंगच्या टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या, तापल्यावर तिला जागा लागते. ग्लँड रॉडवर सरकवताना रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळा, कारण नवी सीलं सर्वांत जास्त तिथेच कापली जातात. पिस्टनचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. तो सुटला तर पिस्टन बॅरलमध्ये मोकळा होतो आणि भार एकदम खाली येतो.

जोडून झाल्यावर इंजिन सावकाश ठेवा आणि रॉड टोकाला न टेकवता पाच-सहा वेळा हळू आत-बाहेर करा. आत अडकलेली हवा झटक्याने दाबली गेली तर डिझेल इंजिनसारखी तापून तेलाची वाफ पेटते, आणि नव्या सीलचा ओठ काळा होऊन जळतो. मग टाकीतलं तेल पाहून भरा. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. तेल बदला, नाहीतर पॉलियुरेथेन गरम पाण्याने भेगाळून जातं. काढलेलं तेल व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका; चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो आणि तेल पाण्यापर्यंत झिरपतं. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

पावसाळ्यात यंत्र उभं करताना जितके रॉड आत घेता येतील तितके घ्या, बाहेर राहिलेल्या भागावर ग्रीसचा जाड थर द्या, आणि पंधरवड्याला एकदा इंजिन चालवून सगळे सिलिंडर पूर्ण फिरवा. पण फिरवण्याआधी ते ग्रीस कापडाने पुसून काढा. त्यात बसलेली धूळ नाहीतर पॉलिश पेपरसारखी वायपरखाली जाते, आणि फिरवून झाल्यावर ग्रीस पुन्हा लावा.