बंदूक सामान म्हणून नेणे आणि जवळ बाळगणे: अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडताना लागू होणारे दोन वेगळे नियम

अमेरिकेत गाडीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना स्वतःचे पिस्तूल बरोबर नेता येते का, या प्रश्नाला साधारण दोन उत्तरे ऐकू येतात. ‘१९८६ चा संघीय कायदा आहे, वाटेतले कोणतेही राज्य अडवू शकत नाही,’ हे एक आणि ‘आपल्या राज्याचा परवाना पुढच्या राज्यातही चालतो,’ हे दुसरे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. पहिले बंदूक सामान म्हणून नेण्याविषयी आहे, तर दुसरे ती जवळ बाळगण्याविषयी. पहिल्या नियमाचे संरक्षण हवे असेल तर बंदूक रिकामी आणि हाताच्या पल्ल्याबाहेर असावी लागते. दुसऱ्याचा उपयोगच मुळी ती भरलेली आणि हाताशी असताना होतो. त्यामुळे कमरेला भरलेले पिस्तूल लावून जो पहिल्या कायद्याचा हवाला देतो, त्याच्या बाजूने प्रत्यक्षात तो कायदा उभा नसतो.

पहिला नियम म्हणजे १९८६ सालच्या ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ने संघीय कायद्यात घातलेले कलम ९२६-ए. बंदूकधारकांच्या बोलण्यात तो ‘फोपा’ या नावाने येतो. जिथे बंदूक ठेवण्याचा आणि बाळगण्याचा आपल्याला कायदेशीर अधिकार आहे अशा ठिकाणाहून, तसाच अधिकार असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, कोणत्याही कायदेशीर कारणासाठी बंदूक नेता येते आणि मधल्या राज्यांचे कायदे त्याच्या आड येत नाहीत, असे हे कलम सांगते. अटी मोजक्याच, पण काटेकोर आहेत. बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि काडतुसे यांपैकी काहीही गाडीतल्या बसण्याच्या जागेतून हाती लागण्यासारखे नको. गाडीला स्वतंत्र डिकी असेल तर दोन्ही डिकीत ठेवावी. एसयूव्ही, व्हॅन यांसारख्या, मागची जागा आतूनच जोडलेली असणाऱ्या गाडीत मात्र ती कुलूपबंद पेटीतच ठेवावी लागतात, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कन्सोल यांना कुलूप असले तरी ती अशी पेटी मानली जात नाही, हे कलमातच लिहिलेले आहे. इतके स्पष्ट लिहूनही ‘ग्लव्ह बॉक्सला कुलूप लावले होते’ हे स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा दिले जाते, याचे नवल वाटते.

या कलमात परवान्याचा उल्लेख नाही. ते पाहते ते प्रवासाच्या दोन टोकांकडे आणि मधल्या काळात बंदूक कोणत्या अवस्थेत होती याकडे. दोन टोकांपैकी एक जरी निसटले तरी संरक्षण संपते. न्यूयॉर्क शहरात चार दिवस राहायला जाणाऱ्या, तिथला परवाना नसलेल्या पाहुण्याने पिस्तूल रिकामे करून डिकीत कुलूपबंद ठेवले तरी हे कलम त्याला वाचवत नाही, कारण जिथे तो पोहोचतो आहे तिथेच त्याला ते बाळगण्याचा अधिकार नाही. न्यूयॉर्कमधून पुढे जाणे आणि न्यूयॉर्कला जाणे या कायद्याच्या नजरेत अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा नियम संघीय नाहीच. लपवून बंदूक बाळगण्याचा परवाना राज्य देते, आणि तो दुसऱ्या राज्यात चालेल की नाही हे त्या दुसऱ्या राज्याने ठरवायचे असते. वाहन चालवण्याचा परवाना सगळीकडे चालतो, म्हणून हाही चालेल असे गृहीत धरणारे पुष्कळ आहेत. तो तसा सगळीकडे चालत नाही. व्हर्जिनिया २०१६ पासून इतर राज्यांचे वैध परवाने सर्रास मानते. कोलोरॅडो आणि मिशिगन मानतात, पण परवाना धारकाच्या स्वतःच्या राहत्या राज्याचा असेल तरच. परराज्यातील व्यक्तींना दिला जाणारा युटाचा परवाना तिथे उपयोगी पडत नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड यांच्या लेखी बाहेरच्या परवान्याला काहीच किंमत नाही. शिवाय आता निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढाला परवान्याशिवायच बंदूक बाळगता येते. व्हरमाँटमध्ये तर असा परवाना कधी नव्हताच, आणि म्हणून तिथल्या रहिवाशाकडे परवाना मानणाऱ्या राज्यात दाखवायला काही नसते.

इलिनॉयची तऱ्हा मधली आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. ते राज्यही बाहेरचा परवाना मानत नाही. तरी आपल्या राज्यात परवाना असलेल्या परराज्यातील व्यक्तीला गाडीत बसलेले असेपर्यंत पिस्तूल जवळ ठेवू देते. गाडीतून उतरताना मात्र ते गाडीतच कुलूपबंद करून ठेवावे लागते. पेट्रोल भरायला उतरताना पिस्तूल कमरेला तसेच राहिले, तर क्षणापूर्वी कायदेशीर असलेली गोष्ट बेकायदा होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर हा सगळा प्रश्न मिटला, अशीही एक समजूत पसरली आहे. त्या निकालाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा, मगच परवाना’ ही अट रद्द केली. परवाना देताना राज्याने काय मागावे याविषयी तो निकाल होता. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानलाच पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. तसे बंधन घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले होते, पण ते सिनेटमध्ये पार पडले नाही.

आता दोन्ही नियम एकाच रस्त्यावर ठेवून पाहू. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनहून एक परवानाधारक व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला निघाला आहे. वाटेत बिंगहॅम्टन आणि ऑल्बनी, म्हणजे न्यूयॉर्क राज्य. पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत त्याचा परवाना लागू आहे, तेव्हा पिस्तूल भरून कमरेला असले तरी हरकत नाही. इंटरस्टेट ८१ या महामार्गावर न्यूयॉर्कच्या अलीकडचा शेवटचा फाटा ग्रेट बेंडचा. तिथे, किंवा त्याआधीच, त्याने थांबावे, मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) काढावे, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार असलेली, गोळी काढून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, पिस्तूल एका कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे दुसऱ्या पेटीत घालून दोन्ही डिकीत ठेवावीत. कायदा दोन पेट्या मागत नाही, आणि स्वतंत्र डिकी असेल तर एकही मागत नाही. तरीही रात्री रस्त्याच्या कडेला पोलिसाशी कलमाच्या शब्दांचा काथ्याकूट करण्यापेक्षा दोन कुलपे स्वस्त पडतात. न्यूयॉर्क ओलांडेपर्यंत त्याचा परवाना निरुपयोगी असून त्याला आधार फक्त फोपाचा आहे. व्हरमाँटमध्ये शिरल्यावर फोपाचे काम संपते आणि व्हरमाँटचा कायदा लागू होतो. तिथे परवानाच लागत नाही. मात्र व्हरमाँटने २०१८ मध्ये पिस्तुलाच्या मॅगझिनवर १५ गोळ्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे ग्लॉक १७ या पिस्तुलाबरोबर येणारे १७ गोळ्यांचे मॅगझिन घरीच ठेवावे. फोपाच्या मजकुरात बंदूक आणि काडतुसे हे शब्द आहेत, मॅगझिन हा शब्द नाही. न्यूयॉर्कमध्ये तर मर्यादा १० गोळ्यांची आहे.

हाच माणूस ग्रेट बेंडला थांबला नाही आणि बिंगहॅम्टनजवळ त्याला पोलिसांनी अडवले, तर काय होईल? न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत ‘भरलेली बंदूक’ याची व्याख्या आपल्या रोजच्या समजुतीपेक्षा रुंद आहे: चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी असली तरी त्या बंदुकीत चालणारी काडतुसे त्याच वेळी त्या व्यक्तीच्या ताब्यात असतील, तर ती भरलेलीच धरली जाते. म्हणजे फोपाची एखादी अट चुकून तो आधार निसटला, की पिस्तूल रिकामे होते हा बचाव पुरत नाही, आणि भरलेले पिस्तूल विनापरवाना बाळगण्याच्या आरोपात दोष सिद्ध झाल्यास तिथे किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

ही गल्लत किती महागात पडते हे न्यू जर्सीतल्या एका प्रकरणाने दाखवून दिले. फिलाडेल्फियाच्या एका महिलेला २०१३ मध्ये तिथे वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवण्यात आले. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना होता, पिस्तूल भरलेले होते, आणि ही माहिती पोलिसाला तिनेच आपणहून दिली. परवाना पुढच्या राज्यात चालतो, हा तिचा प्रामाणिक समज होता. तिच्यावर साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या किमान शिक्षेचे सावट आले; पुढे बराच गाजावाजा झाल्यावर तिला शिक्षेऐवजी सुधारणा कार्यक्रमात घेण्यात आले आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. फोपाचा तिला उपयोग नव्हता, कारण पिस्तूल ना रिकामे होते, ना कुलपात.

फोपाच्या बाजूची मोठी फट आहे ती मुक्कामाची. पेट्रोल, जेवण, रात्रीची झोप यांविषयी कलम मूक आहे. युटाचा एक रहिवासी २००५ मध्ये विमानाने पेनसिल्व्हेनियाकडे निघाला असता न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचा प्रवास चुकला. पिस्तूल असलेली कुलूपबंद बॅग त्याच्या हाती आली आणि ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल असल्याचे जाहीर केले आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, तरी त्याने केलेला दावा संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला: हॉटेलातल्या रात्री बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून कलमाची अट मोडली. प्रकरण विमानप्रवासाचे असले तरी मोटारीने जाणाऱ्याने त्यातून घ्यायचा अर्थ सरळ आहे. कडक कायद्याच्या राज्यात मुक्काम करू नये. करावाच लागला तर पेटी खोलीत न्यावी का गाडीतच ठेवावी, हा प्रश्न कलमाने सोडवलेला नाही. शिवाय फोपाचा मुद्दा अनेकदा अटकेनंतर न्यायालयात मांडण्याचा बचाव ठरतो. रस्त्यावर तो ऐकून घेतला जाईलच, असे धरून चालू नये.

परवान्याच्या बाजूलाही एक कमी माहितीची फट आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याची मनाई आहे. तिला परवानाधारकाचा अपवाद आहे, पण तो परवाना ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला हवा. दुसऱ्या राज्याने केवळ मान्यता दिलेला परवाना, किंवा परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा, या अपवादाच्या शब्दांत बसत नाही. रिकामी आणि कुलूपबंद पेटीतली बंदूक मात्र वेगळ्या अपवादात बसते. गावातून जाणारा रस्ता शाळेजवळूनच जातो, हे लक्षात घेतले तर ही बाब पुस्तकी राहत नाही.

पोलिसाने थांबवल्यावर बंदूक असल्याचे आपणहून सांगावे की नाही, हेही राज्यागणिक बदलते. मिशिगन आणि अलास्का इथे बाळगणाऱ्याने ते लगेच सांगणे बंधनकारक आहे.

या दोन्ही नियमांच्या आधी एक पायरी येते, आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी वाचकाने ती आधी तपासावी. एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास संघीय कायद्याची मनाई आहे. राज्याचा वैध शिकारी परवाना असल्यास सूट मिळते, असे काही अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. ज्याला बंदूक ठेवण्यासच बंदी आहे त्याच्यासाठी फोपा नाही, आणि मित्राची बंदूक डिकीत ठेवून गाडी चालवणेही त्याच्यासाठी धोक्याचे आहे.

वॉशिंग्टन राज्यातून मोटारीने अलास्काला निघालेल्या माणसाची दोन्ही टोके अमेरिकेत असली, तरी मधला रस्ता कॅनडाचा आहे. तिथे फोपाही नाही आणि कोणत्याही अमेरिकी राज्याचा परवानाही नाही. पिस्तुलाबाबत कॅनडाचे नियम अतिशय कडक आहेत, आणि हद्दीवर ते न सांगता नेणे हा तिथला गुन्हा आहे.