ब्लोअरचा टायमर लावण्याआधी हे वाचा

सोसायटीची कमिटी, मॅनेजर आणि एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, ड्यूटी करणारे ऑपरेटर यांच्यासाठी

सध्या एसटीपीच्या देखभालीचा प्रत्येक वार्षिक करार (एएमसी) रिन्यू करताना आम्हाला एकच गोष्ट ऐकायला मिळते: "एसटीपीचं बिल कमी करा, कार्बनही वाचेल." मागणी रास्त आहे. प्लांटच्या विजेतली निम्मी, कधी त्याहून जास्त वीज ब्लोअरने टाकीत हवा भरण्यातच जाते. त्यात मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला, २०५० पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य ठरलं, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेतही (एजीएम) हा विषय निघू लागला.

अडचण उपायाची आहे. सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे रात्री ११ ते पहाटे ५ ब्लोअर बंद. आम्हीही तो करून बसलो आहोत. मालाड खाडीलगतच्या एका सोसायटीत टायमर आम्हीच बसवून दिला होता. पहिलं बिल बघून सेक्रेटरी खूश झाले. दुसऱ्या महिन्यात पहाटे पोडियमवर फेऱ्या मारणारे आजी-आजोबा नाकाला रुमाल लावू लागले. आमच्या माणसाने एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा भरायच्या टाकीतलं, पाणी मोजपात्रात काढलं, तर एरवी तपकिरी असणारा गाळ काळा पडलेला आणि वास सडक्या अंड्यांचा. टायमर आम्ही स्वखर्चाने काढला.

वास निदान कळतो तरी. जे कळत नाही ते जास्त महागात पडतं.

टाकीत काय होतं

सांडपाण्यातल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हवा पुरेशी मिळाली तर हे काम नीट पार पडतं. हवा तुटली की ते अर्ध्यावर अडकतं आणि मधल्या मधे नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हा वायू पाण्यात विरघळून बसतो आणि पहाटे ब्लोअर सुरू झाला की बुडबुड्यांबरोबर एकदम बाहेर पडतो. १०० वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकं वातावरण तापवतो. शिवाय तो ओझोनचा थरही खातो. हवा फारच कमी पडली तर गाळात मिथेन तयार व्हायला लागतो, तोही कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट भारी.

आता हिशेब करू. ५ एचपीचा ब्लोअर ६ तास बंद ठेवला तर साधारण २२ युनिट वाचतात. ग्रिडच्या विजेमागे युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वाचला साडेपंधरा किलो कार्बन डायऑक्साइड. ही सगळी बचत पुसून टाकायला नायट्रस ऑक्साइड किती लागतो? जेमतेम ५७ ग्रॅम. एका छोट्या बटाटेवड्याचं वजन.

आणि टाकीतून तो रोज निघतच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरील समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनानुसार प्लांटमध्ये येणाऱ्या नायट्रोजनपैकी १.६ टक्के या वाटेने जातो असं धरतात. ५०० माणसांची सोसायटी, माणशी दिवसाला १० ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे रोज सुमारे सव्वाशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. हवा तोडल्यामुळे तो निम्म्याने वाढला तरी बिलात वाचवलेलं सगळं हवेत गेलं. मीटरवर मात्र यातलं काही दिसत नाही.

आणि खाडीचं काय

रात्री प्रक्रिया न झालेला अमोनिया सकाळच्या पाण्यातून पुढे जातो. फ्लशच्या टाकीत गेला तर बाथरूममध्ये वास येतो आणि क्लोरीन जास्त लागतं. नाल्यातून खाडीत गेला तर तिथल्या पाण्यातला ऑक्सिजन खातो. म्हणजे आपल्या टाकीत जो ऑक्सिजन द्यायचा टाळला, तो माशांकडून वसूल झाला.

म्हणूनच "कमी वीज म्हणजे कमी प्रदूषण" हे समीकरण आम्हाला पटत नाही. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं गाळून-चाळून लांब पाइपने समुद्रात सोडलं जातं आहे. त्यात वीज फारशी लागत नाही, भार समुद्र उचलतो. महापालिका आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथे रोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रं उभारते आहे. त्यांना वीज भरपूर लागणार, तरी ती हवीतच.

पुनर्वापराबाबतही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ऐकायला आवडो न आवडो. मुंबईला येणारं भातसा धरणाचं पाणी पिसे-पांजरापूरला पंपांनी उचलावं लागतं, पण तानसा-वैतरणेचं बरंचसं पाणी उतारानेच येतं. त्यामुळे प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला वापरून वाचते ती मुख्यतः पाण्याची ओढाताण आणि मे महिन्यातले टँकर. विजेची मोठी बचत होईल असं कोणी सांगितलं तर आकडे मागा.

मग बिल कसं कमी करायचं?

आमच्या अनुभवात पहिली वसुली डिफ्यूझरमध्ये, म्हणजे टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या छिद्रांच्या रबरात, असते. टाकीवर उभे राहून पाण्याकडे बघा. सोडा उघडल्यावर येतात तसे बारीक बुडबुडे सगळीकडे सारखे यायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी खदखदत असेल आणि बाकी टाकी शांत असेल, तर तिथलं रबर फाटलं आहे आणि निम्मी हवा फुकट जाते आहे. ब्लोअरच्या गेजवर प्रेशर वाढत चाललं असेल तर छिद्रं बुजली आहेत. पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून गळती बघता येते, त्याला इंजिनिअर लागत नाही.

त्यानंतर डीओ मीटर (पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र). टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहील इतकाच ब्लोअर फिरवायचा. गरज नसताना ४-५ ला पळवण्यात नुसती वीज जाते. मीटर लावून, थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्यांनी हवा बंद-चालू करणं वेगळं आणि सलग सहा तास बंद ठेवणं वेगळं. पहिलं नीट बसवलं तर फायद्याचं ठरतं. मात्र मीटरचा पाण्यात बुडणारा प्रोब दर आठवड्याला पुसावा लागतो, नाहीतर तो खोटं बोलतो.

गाळ वेळच्या वेळी काढा, वाळवा, खत करा. ओला गाळ पोत्यात भरून ठेवला तर तिथेही मिथेनच. बायोगॅस मोठ्या केंद्रांना शोभतो. सोसायटीच्या मापात गळकी टाकी फायद्यापेक्षा नुकसान जास्त करते, म्हणून आम्ही तो विकत नाही.

आणि काहीही झालं तरी टाकीत तुमचा माणूस उतरवायचा नाही. दोन मिनिटांसाठीही नाही, मास्क लावूनही नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तळाशी साठलेल्या वायूचा आहे. डिफ्यूझर वर उचलता येत नसतील तर आम्ही टाकी रिकामी करून, हवा खेळवून, सुरक्षा साधनांसह आमचा प्रशिक्षित चमू आणतो. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि त्यात आम्ही घासाघीस करत नाही.

पुढच्या व्हिजिटच्या आदल्या दिवशी ऑपरेटरला सांगून ठेवा: सकाळी आठच्या सुमारास लिटरभर पाणी मोजपात्रात काढून अर्धा तास न हलवता ठेवायचं. गाळ कुठल्या खुणेपर्यंत बसला आणि त्याचा रंग काय, एवढं लॉगबुकात लिहून ठेवलं की आमचा अर्धा तास वाचतो.